एक काळी, एक पिवळी

बसच्या पोटात सामान रचता रचता ड्रायव्हर गेब्हार्डनं हाक मारली, "ही कुणाची जोडी?" त्याच्या एका हातात काळी स्की होती आणि दुसऱ्या हातात पिवळी. पिवळी काळीपेक्षा चांगली चार बोटं आखूड. आम्ही सगळे हातातले लोणी लावलेले ब्रेत्सेल-पाव खायचे थांबलो आणि बघायला लागलो.

"त्यातली एक माझी आहे," ओट्मार म्हणाला आणि बसमध्ये जाऊन बसला.

आमच्या ओबरहाल्डनच्या स्की क्लबात कुणाचं काही वेगळं दिसलं की त्याला सहजासहजी सोडत नाहीत. सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियात शिरेपर्यंत ओट्मारची यथेच्छ चेष्टा झाली. कुणी म्हणालं, दुसरी भंगारात फुकट मिळाली असेल. अध्यक्ष ऑयगेन म्हणाला की पुढच्या वर्षी हा एका पायात बूट आणि दुसऱ्यात सपाता घालून येईल. ओट्मारनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती. तो लाकडाच्या वखारीत जन्मभर काम करून निवृत्त झालेला माणूस. आधीही कमीच बोलायचा आणि बायको, हेडेल, गेल्यापासून तर हवापाण्यापलीकडे गेलाच नाही.

मी इर्मेल. क्लबच्या सहली मी ठरवते आणि इतरांच्या भानगडीत नाकही मीच खुपसते. पहिलं काम क्लबनं दिलंय, दुसरं माझं मी घेतलंय. त्यामुळे ती बेजोड जोडी बघितल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. आमच्या स्वाबियातला, म्हणजे दक्षिण जर्मनीतला, माणूस काटकसरी असतो हे खरं, पण ओट्मारच्या काळ्या स्क्या धडधाकट होत्या, मी गेल्या वर्षी स्वतः पाहिल्या होत्या. मग दुसरी काळी गेली कुठं? आणि ही पिवळी आली कुठून?

त्यात बस थांबली तेव्हा तो मुद्दाम माझ्याकडे आला. "इर्मेल, तुझ्या ठरावावर मतदान परतीच्या वाटेवरच ना?"

"दरवर्षी तिथंच असतं."

"त्याआधी नाही ना होणार?"

मी नाही म्हटलं. तो मान हलवून परत गेला. ओट्मारनं आपण होऊन मला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न होता.

ठराव माझाच होता. आमचा क्लब फाशिंगच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, सुट्टीत वर्षानुवर्षं त्याच एका गावाला, ग्श्वेंडला, येतो. उतार चांगले आहेत, पण लिफ्टा आमच्याच वयाच्या. बसायची खुर्ची एका ठिकाणी, बाकी सगळीकडे दोरीला लटकलेला आडवा दांडा. त्याला दोघांनी ढुंगण टेकवायचं आणि बर्फावरून घसरत वर ओढलं जायचं. माझे गुडघे आता कुरकुरतात. दोन खोरी पलीकडे मोठी नवी जागा झाली आहे. तिथं खुर्च्यांची गादी गरम असते आणि वर काचेचं झाकण असतं. पुढच्या वर्षीपासून तिकडं जावं असा माझा ठराव होता आणि बहुतेकांना मी आधीच पटवून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी ओट्मारबरोबरच दांड्याला लागेन अशी व्यवस्था केली. एकदा दांडा खाली आला की वर पोहोचेपर्यंत शेजारच्याची सुटका नसते. मी विचारलं, पिवळी कुणाची? तो म्हणाला, "धुकं होतं." मी विचारलं, कधी? तो म्हणाला, "गेल्या वर्षी." आणि वर पोहोचलो. खाली येताना मी त्याच्या मागं राहिले. उजवीकडे तो झोकात वळायचा. डावीकडे वळायचं म्हटलं की आखूड पिवळी आधी फिरायची आणि लांब काळी रेंगाळत मागून यायची. तरी पठ्ठ्या पडत नव्हता. बेजोड स्क्यांवर इतकं सरळ यायचं म्हणजे घरामागच्या टेकडीवर त्यानं आधी सराव केलेला असणार.

खरी गंमत दुपारी कळली. बर्टाची खानावळ मधल्या डोंगरावर आहे आणि तिचं जवाचं सूप सोडून कुणी पुढं जात नाही. खानावळीसमोर स्क्या बर्फात रोवून आत जायचं असतं, आणि जोडी कधी एकत्र ठेवायची नसते. माझी एक आणि माझ्या मैत्रिणीची, लोरेची, एक अशा दोन या टोकाला, उरलेल्या दोन त्या टोकाला. बेजोड जोडी चोराच्या उपयोगाची नसते. आमच्याकडे आईबाप पोराला हे आधी शिकवतात, वळायला नंतर. नवराबायको असतील तर घरच्या घरात भागतं. बाकीच्यांचा एकेक जोडीदार ठरलेला असतो. एकदा जोडी मोडून ठेवली की भांडण झालं तरी एकट्याला रागानं निघून जाता येत नाही, हा आणखी एक फायदा.

ओट्मारनं काळी डाव्या टोकाला रोवली आणि पिवळी उजव्या टोकाला. दोन्हींच्या शेजारी त्यानं हातभर जागा मोकळी सोडली. कुणी तिथं स्की रोवायला आलं की तो हळूच म्हणायचा, "जरा पलीकडे." आणि मग आत न येता तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

मी सुपाचे दोन वाडगे घेऊन बाहेर गेले. उत्तर मिळवायला मी काहीही करते, थंडीत सूपसुद्धा पिते. एक वाडगा त्याच्या हातात दिला आणि शेजारी बसले. "कुणाची वाट बघतोयस?"

सुपाच्या वाफेनं असेल किंवा मी हलणार नाही हे कळल्यामुळे असेल, तो बोलायला लागला. हेडेल गेल्यानंतरच्या पहिल्या सहलीत तो इथंच, दोन्ही स्क्या हातात धरून उभा राहिला होता. सगळी वर्षं त्याची एक आणि हेडेलची एक अशी मोडायची सवय. आता मोडायची कुणाबरोबर? आम्हा सगळ्यांचे जोडीदार ठरलेले, आणि आम्ही भुकेले, सरळ आत गेलेलो. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्या तरी बसमधली एक बाई आली. तीही एकटी. तिच्याकडे पिवळ्या स्क्या. तिनं हात पुढं केला आणि म्हणाली, "एक द्या."

"मग?"

"मग मी दिली."

त्यानंतर दरवर्षी तेच. तिचा क्लब आमच्या शेजारच्या ऑल्गॉय भागातला, तोही याच सुट्टीत यायचा. ती म्हणायची, एक द्या. हा द्यायचा. आत गेल्यावर ती तिच्या लोकांत भट्टीजवळ बसायची, हा आमच्यात खिडकीपाशी. जेवण झालं की दोघं बाहेर येऊन आपापल्या स्क्या गोळा करायचे. ती म्हणायची, संध्याकाळी बर्फ कडक होईल, जपून जा. हा म्हणायचा, तुम्हीही.

"तुम्हीही?" मी म्हटलं. आमच्याकडे हजार मीटरच्या वर अहोजाहो चालत नाही. डोंगरावर अनोळखी माणसाला, अगदी मंत्र्यालासुद्धा, अरेतुरे करायची रीत आहे. "इतकी वर्षं इथं वर बसून तुम्ही-तुम्ही करताय?"

"तिनं कधी तू म्हटलं नाही."

"आणि तू?"

"मीही नाही."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही."

मला त्याच्या डोक्यावर वाडगा आपटावासा वाटला. मी स्वतःला आवरलं आणि गेल्या वर्षीचं विचारलं. शेवटच्या दिवशी दुपारी दाट धुकं उतरलं, लिफ्टा लवकर बंद होणार म्हणून ऑयगेननं शिट्टी फुंकली आणि एकच धांदल उडाली, हे मलाही आठवत होतं. ओट्मार बाहेर आला तेव्हा ती निघून गेली होती. डाव्या टोकाला एक काळी आणि एक पिवळी नुसत्या उभ्या होत्या, उजवं टोक रिकामं होतं. म्हणजे घाईत त्या टोकाची जोडी तशीच उचलून ती गेली होती. दोघं आपापल्या क्लबाबरोबर आपापल्या गावाला गेले. एक काळी, एक पिवळी तिच्याकडे, एक काळी, एक पिवळी याच्याकडे. ना नाव, ना पत्ता.

"तिची चूक झाली," तो म्हणाला. "धुक्यात कुणाचीही होईल. पण तिची स्की वर्षभर माझ्याकडे पडून आहे, आणि ती माझ्या काळीवर कशी जात असेल कोण जाणे. परत द्यायला हवी."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त उत्सुकता वाटली. ही बाई दिसायला कशी आहे, एवढंच मला कळायला हवं होतं. पण त्या दिवशी खानावळ बंद होईपर्यंत पिवळी-काळी घेऊन कुणी आलं नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या तळघरात ओले बूट आणि स्क्या सुकत ठेवायची खोली आहे. जेवणाआधी मी तिथं माझे बूट ठेवायला गेले आणि ओट्मारची जोडी समोरच दिसली. मी पिवळी उचलून उलटसुलट केली. उगाच, हात शिवशिवतात म्हणून. आणि बूट अडकवायच्या खटक्याकडे माझं लक्ष गेलं.

खटका बुटाच्या मापाला स्क्रूनं बसवलेला असतो. एका माणसाचा बूट दुसऱ्याच्या खटक्यात जात नाही. लहान असला तर डुगडुगतो, मोठा असला तर टाच खाली जात नाही. पिवळीवरचा मागचा खटका पार मागं सरकवलेला होता. आधी जिथं होता तिथं स्कीवर उजळ पट्टा राहिला होता, कोट काढून ठेवल्यावर भिंतीवर राहतो तसा. मी ओट्मारचा बूट आणून लावला. खट्कन बसला.

मी तशीच वर जेवणघरात गेले आणि त्याला बाहेर बोलावलं. "गेल्या वर्षी धुक्यात तू पिवळीत पाय घातलास, तेव्हा बूट बसला?"

"बसला."

"मग खटका कुणी सरकवला? तू?"

"नाही. मी घरी जाऊन फक्त पकडीचा आकडा वाढवला. फार सैल होता, खाली येईपर्यंत तीनदा पाय सुटला."

"म्हणजे तू बाहेर यायच्या आधीच पिवळी तुझ्या बुटाला बसवून ठेवलेली होती. अरे, ही चूक नाही. चूक करायला माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन बर्फात गुडघे टेकत नाही."

तो भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं, माझ्यामुळे त्याच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. पण तो म्हणाला, "ते मलाही कळलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी. बसमध्ये." मग म्हणाला, "पण एवढ्यावरून एखाद्या बाईबद्दल असं समजायचं? तिला घाई असेल. माझी काळी तिच्या हाती लागली, ती बसेना, म्हणून बसवून घेतली असेल."

"आणि पिवळी तुझ्यासाठी का बसवली?"

"शेजारधर्म असेल."

मला हसू आवरेना, आणि त्याचा चेहरा बघून हसवेनाही. वर्षभर हा माणूस पडवीत त्या दोन स्क्या समोर ठेवून हाच हिशेब मांडत बसला असणार. मुद्दाम केलं असेल तर एक, चुकून झालं असेल तर दुसरंच. आणि आपण होऊन काही मानायची त्याची हिंमत नव्हती. ती आली की तिच्या तोंडाकडे बघून कळेल, म्हणून तो आला होता. म्हणूनच मतदान केव्हा आहे ते त्यानं मला विचारलं होतं. क्लबानं जागा बदलली तर तिनं त्याला शोधायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी मी खानावळीत शिरल्याशिरल्या बर्टाला गाठलं आणि ऑल्गॉयवाल्यांची बस यंदा कधी येणार ते विचारलं. बर्टानं पातेल्यावरून मान वर केली नाही. ते आता येत नाहीत, म्हणाली. त्यांनी जागा बदलली. दोन खोरी पलीकडे गेले, गरम खुर्च्यांवर बसायला.

मी मागं वळले तर ओट्मार दारातच उभा. त्यानं ऐकलं होतं. तो बाहेर गेला आणि मोकळ्या सोडलेल्या त्या दोन जागांपैकी एकीत त्यानं दुसऱ्या कुणाला तरी स्की रोवू दिली.

त्या दिवशी तो आमच्याबरोबर आत जेवला. ऑयगेन त्याच्या जोडीवरून पुन्हा काहीतरी बोलला, तेव्हा मी टेबलाखालून ऑयगेनला बुटानं लाथ मारली, आणि स्कीचा बूट लागतो बरा. जेवण झाल्यावर ओट्मार मला म्हणाला, "उद्या जाताना पिवळी खालच्या लिफ्टच्या कचेरीत ठेवून जाईन. तिनं कधी चौकशी केली तर मिळेल. आणि तुझ्या ठरावाला मी हात वर करीन. माझी आता काही हरकत नाही."

एरवी मतासाठी मी लोकांच्या मागं लागते. हे एक मत न मागता मिळालं आणि मला ते नकोसं झालं. मी म्हटलं, उद्याचा दिवस आहे अजून. तो म्हणाला, "बस येत नाही, इर्मेल."

शेवटच्या दिवशी ऊन लख्ख होतं. मी सकाळपासून उतारावर कमी आणि लिफ्टच्या रांगेत जास्त बघत होते. पिवळं काही दिसलं की माझी मान वळायची. एकदा तर मी एका पिवळ्या टोपीच्या मागं अर्धा डोंगर उतरून गेले, तो कुणीतरी डच तरुण निघाला. लोरे म्हणाली, तुला झालंय काय? मी काही सांगितलं नाही. गोष्ट ओट्मारची होती, आणि एकदा लोरेला सांगितली की सगळ्या बसची झाली असती.

दुपारी सगळे आत गेले. ओट्मार मात्र बाहेर बाकावर बसला. वाट बघायला नव्हे, म्हणाला, ऊन चांगलं आहे. पण काळी डाव्या टोकाला आणि पिवळी उजव्या टोकाला होती आणि शेजारी पुन्हा जागा सोडलेली होती. मी आत खिडकीजवळ बसले. खिडकी कोंदटपणाचं कारण सांगून किलकिली केली. सूप थंड होऊ दिलं.

आणि मग वरच्या वळणावरून एक बाई खाली येताना दिसली. ठेंगणी, लोकरीची राखाडी टोपी, कशाची घाई नसल्यासारखी. डावीकडे झोकात वळायची, उजवीकडे वळताना लांब काळी रेंगाळत मागून यायची. ओट्मारसारखीच, फक्त उलटी. मला वाटलं उठून जावं आणि तिला मिठी मारावी. मी खुर्चीला घट्ट धरून बसले.

ती बाकासमोर थांबली. ओट्मार उभा राहिला. मी कान खिडकीच्या फटीला लावला. मला खिडकीतून बाहेर पडायची वेळ आली होती.

"बस येत नाही," ओट्मार म्हणाला.

"मी आगगाडीनं आले," ती म्हणाली. "शनिवार-रविवार नातवंडं माझ्याकडे असतात, म्हणून आज. डब्यातले सगळे माझ्या स्क्यांकडे बघत होते."

"आमच्या बसमध्येही."

"चालली का पिवळी?"

"जरा आखूड आहे. पण चालली." मग त्यानं खिशात हात घातला आणि स्क्रूड्रायव्हर बाहेर काढला.

हा सरळमार्गी गाढव आता तिची स्की तिला परत करणार, आपली घेणार, धन्यवाद म्हणणार आणि बसमध्ये येऊन माझ्या ठरावाला हात वर करणार. ती बाई एक वर्ष थांबून, एकटी आगगाडीनं आली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मला त्या क्षणी मावळताना दिसलं. तिनं वाकून स्क्या काढल्या आणि काळी त्याच्यापुढं धरली.

ओट्मारनं बर्फात गुडघा टेकला आणि काळी आडवी घेतली. खटक्यावरच्या बारीक आकड्यांच्या खिडकीशी डोळे नेले. "वाटलंच मला," तो म्हणाला. "माप बरोबर केलंत. पण पकडीचा आकडा माझाच ठेवलात. इतक्या कडक खटक्यावर तुम्ही वर्षभर आलात? पडला असतात तर पाय सुटलाच नसता. मोडला असता." त्याचा आवाज चढला होता. ओट्मारचा आवाज चढलेला मी जन्मात ऐकला नव्हता. "वर्षभर मला हीच काळजी."

"मी पडले नाही," ती म्हणाली.

"वजन किती तुमचं?"

खिडकीमागं मी डोळे मिटून घेतले. ज्या माणसानं इतक्या वर्षांत बाईचं नाव विचारलं नव्हतं, तो तिला वजन विचारत होता.

"चौसष्ट किलो," ती म्हणाली. सरळ. मी तर डॉक्टरला सांगतानाही दोन कमी सांगते.

"उंची?"

तिनं सांगितली.

"वय? पन्नाशीनंतर आकडा कमी ठेवायचा असतो, म्हणून विचारतो."

"सदुसष्ट. म्हणजे ठेवा कमी."

त्यानं हळूहळू स्क्रू फिरवला. पुढचा, मग मागचा. तिचा बूट हातात धरून खटक्यात बसवून बघितला, पिळून बघितला, पुन्हा किंचित फिरवला. मग शेजारची, तिच्याकडे वर्षभर असलेली पिवळी घेतली आणि तीही तपासली. माप तो कुठंच बदलत नव्हता. काळीवरचा खटका तिच्याच बुटाचा राहिला. स्क्रूड्रायव्हर त्यानं पुसून खिशात टाकला तेव्हा कुठं मी खुर्ची सोडली.

"झालं," तो म्हणाला. "आता ही तुम्हाला सांभाळील."

"सगळं विचारलंत," ती म्हणाली. "नाव राहिलं."

"ते स्क्रूला लागत नाही."

तो हे अगदी गंभीरपणे म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलं. कानापर्यंत लाल झाला. ती हसायला लागली. इतकी हसली की तिला काठीचा आधार घ्यावा लागला. मग तिनं हातमोजा काढून हात पुढं केला, पहिल्या वर्षी केला असेल तसाच. "नोटबुर्गा," ती म्हणाली. "आणि आपण हजार मीटरच्या वर आहोत, हे कुणीतरी केव्हातरी बोलायला हवं होतं."

"ओट्मार," तो म्हणाला. "ये, सूप आहे."

त्यांनी स्क्या रोवल्या, एक काळी आणि एक पिवळी या टोकाला, एक काळी आणि एक पिवळी त्या टोकाला. आत येऊन ते आमच्या टेबलाशी बसले नाहीत आणि भट्टीजवळही नाही. मधल्या एका छोट्या टेबलाशी बसले, जिथं मला एक अक्षर ऐकू येईना. याचा मला राग आला, पण मी तो गिळला. सगळा क्लब त्यांच्याकडे वळून बघत होता आणि लोरे माझ्याकडे.

परतीच्या वाटेवर, सरहद्द ओलांडल्यावर, ऑयगेननं माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मांड तुझा ठराव. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी तो मागं घेते. बसमध्ये कल्ला झाला. वर्षभर आमचे कान खाल्लेस त्याचं काय? गरम खुर्च्यांचं काय? तुझ्या गुडघ्यांचं काय? मी म्हटलं, गुडघे माझे आहेत, मी बघीन त्यांचं. ऑयगेननं तरीही रीत म्हणून विचारलं, ग्श्वेंडलाच जायचं असं कुणाला वाटतं? पहिला हात पुढच्या रांगेतून वर गेला. ओट्मारचा. मग माझा. मग काय चाललंय ते न कळताच, पण काहीतरी चाललंय हे ओळखून, बाकीच्यांचे.

नंतर मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले आणि विचारलं की निदान फोन नंबर तरी घेतलास ना. तो म्हणाला, घेतला. मी विचारलं, मग आता पुढच्या वर्षी? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, तिथं वर एप्रिलपर्यंत बर्फ असतो. पुढं मी बरंच विचारलं आणि त्यानं काही सांगितलं नाही.

ओबरहाल्डनला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गेब्हार्डनं बसचं पोट उघडलं आणि सामान काढायला सुरुवात केली. पिशव्या झाल्या, बूट झाले, मग त्यानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, एका हातात काळी आणि एका हातात पिवळी उंच धरून विचारलं, "आता ही कुणाची जोडी?"

सगळे हसायच्या तयारीत वळले. ओट्मार पुढं आला, त्यानं दोन्ही स्क्या खांद्यावर घेतल्या.

"आमची," तो म्हणाला.